संशयाची सावड

एका जंगलात, कुठल्या ते विचारू नका, तिथे एसटी जात नाही, तीन आया राहत होत्या.

बाळांनो, नीट मांडी घालून बसा. उंबरठ्यावर कुणी बसू नका. ज्याच्या तोंडात शेंगदाणे असतील त्याने आधी गिळा आणि मग ऐका. हसताना ठसका लागतो.

तर पहिली आई होती हौसा सशीण. दुसरी ठकू माकडीण. तिसरी गोदाक्का सायाळ. सायाळ म्हणजे ती अंगभर काटे असलेली. सायाळ खरं तर रात्रीची हिंडते. पण लेकरू झाल्यावर रात्र कुठली आणि दिवस कुठला! गोदाक्का रात्रीही जागी असायची आणि दिवसाही.

तिघींना एकेक लेकरू. हौसाचा कापश्या, ठकूचा उंडग्या आणि गोदाक्काचा दाभण्या.

हौसाचं हे पहिलंच लेकरू. त्याला शिंक आली तरी हिचे कान उभे राहायचे. सशाचे कान उभेच असतात म्हणा. हिचे आणखी उभे राहायचे. कापश्या झोपला की ही त्याच्या नाकापुढे गवताची काडी धरून बघायची. काडी हलली की हिचा जीव खाली बसायचा. मग वाटायचं, वाऱ्याने तर हलली नसेल? मग पुन्हा काडी.

पण नुसतं लेकराजवळ बसून पोट भरत नाही. चांगला चारा ओढ्यापलीकडे होता. कुरणही तिकडे, कंदही तिकडे, बोरीची झाडंही तिकडेच. लेकरांना तिकडे न्यावं तर ओढा आडवा. म्हणून तिघींनी सावड घातली. आज तुझं काम मी करते, उद्या माझं काम तू कर, याला सावड म्हणतात. एकीने मोठ्या उंबराखाली तिघींची लेकरं राखायची आणि दोघींनी चरून यायचं. दुसऱ्या दिवशी दुसरीची पाळी.

आता तुम्ही म्हणाल, किती छान! तिघी किती गुणाच्या!

छे हो. तिघींचा एकमेकींवर काडीचा विश्वास नव्हता.

हौसाला वाटायचं, ठकू म्हणजे माकडाची जात. फांदी दिसली की लेकरं विसरेल. ठकूला वाटायचं, हौसा भित्री भागूबाई. पान पडलं की आधी हीच पळेल. आणि गोदाक्काबद्दल दोघींना वाटायचं, मायेने जवळ घेईल आणि लेकराची चाळण करेल. गोदाक्काला या दोघींबद्दल काय वाटायचं ते ती तोंडावरच सांगायची, म्हणून मी वेगळं सांगत नाही.

त्यामुळे व्हायचं काय, की हौसा चरायला निघायची, कवठाच्या झाडापर्यंत जायची आणि परत यायची.

"काय गं, काय विसरलीस?" ठकू विचारायची.

"काही नाही. तहान लागली."

"ओढा तर तिकडे आहे."

"तिकडचं पाणी गार असतं. घसा धरतो." असं म्हणत हौसा हळूच उंबराखाली बघायची. "ठके! अगं माझा कापश्या उन्हात बसलाय!"

"तो सावलीतच बसला होता. ऊन सरकलं. मी काय आता सूर्य धरून ठेवू?"

"आणि हे तोंडात काय आहे त्याच्या?"

"माती."

"माती!"

"खाऊ दे की. रोज तुझंच तोंड बघून कंटाळलं असेल पोर."

"आणि हा तुझा उंडग्या बघ. नाक बघ त्याचं, ओघळ आलाय ओठावर. आई आहेस का शेजारीण?" असं म्हणत हौसा उंडग्याचं नाक पुसायची, दाभण्याला वारुळापासून मागे ओढायची, कापश्याच्या तोंडातली माती काढायची आणि तणतणत निघून जायची.

ती गेली की जरा वेळाने गोदाक्का डुलत डुलत यायची. "माझा एक काटा पडलाय इथे. शोधतेय."

"अक्का, अंगावर एवढं शेत उगवलंय काट्यांचं. एकासाठी आलात?"

"तुझी एक शेपूट पडली असती तर आली असतीस का नाही?" असं म्हणत गोदाक्का तिन्ही लेकरांना हुंगून जायची. कुणाचं अंग तापलंय का, कुणी उपाशी आहे का, सगळं तिला वासावरून कळायचं.

ठकूची पाळी नसली की ठकू तर बहाणासुद्धा करायची नाही. वरून धपकन पडायची. "फांदी मोडली बाई," म्हणायची. रोज फांदी मोडायची आणि रोज नेमकी उंबरावरचीच मोडायची.

असं दिवसभर चालायचं. एक गेली की दुसरी टपकायची. भांडण झालं नाही असा दिवस जायचा नाही.

त्या उंबराजवळच करवंदीच्या जाळीत एक रानबोका राहायचा. त्याचा डोळा या तिन्ही लेकरांवर होता. तो जाळीतून एक पाय बाहेर काढायचा, तोच हौसा यायची. पाय आत घ्यायचा. पुन्हा काढायचा, तोच गोदाक्का. पुन्हा आत. असं करून करून त्याचा पाय दुखायला लागला आणि पोट पाठीला लागलं.

"काय हे जंगल! काय या बायका!" तो स्वतःशीच म्हणायचा. "इतकासुद्धा विश्वास नाही एकमेकींवर? अशाने समाज पुढे कसा जाणार?"

इकडे सिंह महाराजांच्या कानावर गोष्ट गेली. जंगलात हरणांची सावड होती, ती मोडली. रानडुकरांची होती, ती मारामारीत गेली. पण उंबराखालची सावड चालली होती आणि तिथलं एकही लेकरू गेलं नव्हतं.

"यांच्या सहकार्याचं रहस्य काय?" महाराजांनी दरबारात विचारलं.

आता सोपी गोष्ट होती. तिघींना बोलावून विचारायचं. पण बाळांनो, दरबारात सोप्या गोष्टीला मान नसतो. महाराजांनी करकोचेसाहेबांना बोलावलं.

करकोचेसाहेब म्हणजे लांब मानेचे, लांब पायांचे पक्षी. दर हिवाळ्यात परदेशातून येणारे. परदेशातून आलेल्याला आपल्याकडे आधी बसायला देतात, मग चहा देतात, आणि मग तो बोलेल ते खरं धरतात. करकोचेसाहेबांना एका पायावर उभं राहून बोलायची सवय होती. दुसरा पाय कुठे ठेवलाय ते कुणाला कळायचं नाही, त्यामुळे विद्वान वाटायचे.

साहेबांनी लांबून सावड बघितली. हौसाच्या फेऱ्या बघितल्या, गोदाक्काचं हुंगणं बघितलं, ठकूचं पडणं बघितलं. भांडणं तर न बघताच ऐकू आली. मग त्यांनी तिघींना समोर बसवलं.

"भयंकर आहे," साहेब म्हणाले.

"काय झालं साहेब?" हौसाचे कान आणखी उभे राहिले. "कापश्याला काही झालं का?"

"तुमची सावड यशस्वी आहे. पण चुकीच्या पद्धतीने यशस्वी आहे."

तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"सहकार्याचा पाया काय? विश्वास! तुमच्यात तो औषधालासुद्धा नाही. एकीने राखायचं आणि दोघींनी दहादा येऊन बघायचं, यात तुमची किती शक्ती वाया जाते, याचा कधी विचार केलात?"

"नाही केला," ठकू म्हणाली. "वेळच नाही मिळाला. येण्याजाण्यातच जातो."

मग शिबिर भरलं. महाराजांनी सगळ्यांना हुकूम सोडला, की शिबिरात कुणी कुणाला खायचं नाही, खायला नाश्ता मिळेल. त्यामुळे रानबोकाही आला. मागच्या रांगेत बसला. सगळ्यात जास्त टाळ्या त्यानेच वाजवल्या. साहेब "विश्वास" म्हणाले की तो डोळे पुसायचा.

"पहिलं सूत्र," साहेब म्हणाले, "मागे वळून बघायचं नाही. दुसरं सूत्र, विचारायचं नाही. विचारणं म्हणजे अविश्वास. तिसरं सूत्र नाश्त्यानंतर सांगतो."

नाश्त्यात चणे होते. चण्यांनंतर तिसरं सूत्र साहेबांच्याही लक्षात राहिलं नाही.

मग विश्वासाचा खेळ झाला. डोळे मिटून मागे पडायचं आणि मैत्रिणीने झेलायचं. हौसा थरथरत पडली. ठकूने तिला कानाला धरून झेललं. ठकू पडली, तिला हौसा आणि गोदाक्काने मिळून झेललं. म्हणजे हौसाने झेललं, गोदाक्काने "हं, हं" म्हटलं. मग गोदाक्काची पाळी आली. तिने डोळे मिटले. काटे सळसळले. सगळं शिबिर चार पावलं मागे सरकलं.

"झेला! झेला!" साहेब ओरडले.

"साहेब, तुम्ही झेला की," ठकू म्हणाली. "तुमचे पाय लांब आहेत. नाश्ताही जास्त झालाय."

गोदाक्का धपकन पडली. उठून तिने अंग झाडलं. "कळलं," म्हणाली. "चांगलं कळलं." पण साहेबांना वाटलं, तिला विश्वास कळला.

हौसाला एक शंका होती. तिने भीत भीत हात वर केला.

"साहेब, तुम्ही म्हणता तुमचा थवा हजारो मैल विश्वासावर उडतो. मग तो आहे कुठे? तुम्ही एकटेच दिसता."

"थवा पुढे गेला," साहेब अभिमानाने म्हणाले. "मी पहाटे झोपलो होतो. प्रत्येकाला खात्री होती, की दुसऱ्या कुणीतरी मला उठवलं असेल. एकानेही मागे वळून बघितलं नाही. याला म्हणतात विश्वास!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. रानबोका तर उभाच राहिला.

हौसाला मात्र त्या झोपलेल्या साहेबांच्या जागी कापश्या दिसला. पण सगळे टाळ्या वाजवत असताना एकटीने ते कसं बोलून दाखवायचं? तिनेही वाजवल्या. शेवटी प्रत्येकाला पिंपळाचं पान मिळालं, प्रमाणपत्र म्हणून. रानबोक्यालाही मिळालं.

दुसऱ्या दिवसापासून नवी पद्धत सुरू झाली. ओढ्याच्या वाटेवर एका वठलेल्या झाडावर कावळ्याला बसवलं. चरायला निघालेल्या आईने मागे वळून बघितलं, की त्याने ओरडायचं, "अविश्वासू! अविश्वासू!" म्हणजे अख्ख्या जंगलाला कळेल.

हौसा निघाली. कवठापर्यंत पाय बरे चालले. कवठापाशी आपोआप थांबले. मान वळली.

"अविश्वासू! अविश्वासू!"

झाडाझाडांतून माना बाहेर आल्या. हरणी बघायला लागल्या, पारवे घुमायला लागले. "तीच ती. शिबिराला जाऊनही सुधारली नाही," कुणीतरी म्हणालं. हौसा लाजेने गवतात शिरली. कुरणात गेली खरी, पण त्या दिवशी गवत तिला वाळक्या पाचोळ्यासारखं लागलं. चावलं जाईना, गिळलं जाईना.

संध्याकाळी घरी येऊन बघते, तर कापश्या धडधाकट. ठकू झाडाच्या बुंध्याला टेकून घोरत होती.

तेव्हा हौसा स्वतःलाच रागावली. बघ, म्हणाली, झालं का काही? उगीच जिवाला घोर लावून घेतेस. साहेब एवढे शिकलेले, त्यांना कळणार नाही आणि तुला कळणार?

हळूहळू तिघींना सवय झाली. भांडणं बंद झाली. उंबराखाली इतकी शांतता झाली, की एक उंबर खाली पडलं तरी दचकायला व्हायचं. लेकरं राखणारीला आता कुणी टोकायला येत नव्हतं, म्हणून ठकू झोपायची. गोदाक्का लांब बसून मुळं उकरायची. हौसा स्वतः जागी राहायची, पण तिलासुद्धा वाटायला लागलं, जरा डोळा लागला तर कुणाला कळणारे?

एकदा कापश्या पायात बाभळीचा काटा घेऊन आला. बाभूळ तर पार टेकडीजवळ. हा तिथे गेला कधी, कुणी बघितलं कसं नाही? हौसाच्या जिभेवर प्रश्न आला. पण विचारायचं नाही, हे दुसरं सूत्र.

"काटा छान बसलाय," ती गोदाक्काला म्हणाली.

"हो," गोदाक्का म्हणाली. "सरळ गेलाय."

त्या रात्री, बाळांनो, हौसाने पुन्हा गवताची काडी काढली आणि कापश्याच्या नाकापुढे धरून बसली.

मग निरोप आला. सिंह महाराज स्वतः सावड बघायला येणार. आदर्श सावडीचं बक्षीस देणार. करकोचेसाहेबांची धांदल उडाली. एका पायावरचे दोन पायांवर आले.

"महाराजांच्या स्वागताला प्रत्येकीने काहीतरी आणा," ते म्हणाले. "आणि कोण काय आणणार ते एकमेकींना विचारू नका. महाराजांना तुमचा विश्वास दिसला पाहिजे."

त्या दिवशी सकाळी हौसा रानफुलं आणायला निघाली. लेकरं राखायची पाळी ठकूची, असं तिला वाटलं. ठकू बोरं आणायला गेली. पाळी गोदाक्काची, असं तिला वाटलं. गोदाक्का गोड कंद खणायला गेली. पाळी हौसाची, असं तिला वाटलं. इतके दिवस कुणी कुणाला विचारलंच नव्हतं, मग पाळ्यांचा मेळ राहणार कसा? पण तिघींच्या मनात एकमेकींवर पूर्ण विश्वास होता.

हौसा ओढा ओलांडून गेली. फुलं तोडायला वाकली, तर समोरच्या उतारावर कुणीतरी माती उकरत होतं. गोदाक्काची काटेरी पाठ. म्हणजे अक्का इकडे आली. असू दे. ठकू आहे ना तिकडे.

तिने दुसरं फूल तोडलं. तेवढ्यात डोक्यावर बोर पडलं, अर्धं खाल्लेलं. तिने वर बघितलं. बोरीच्या झाडावरून एक लांब शेपूट लोंबत होती. त्या शेपटीला जंगलात सगळे ओळखायचे.

हौसाच्या हातातलं फूल गळालं.

उंबराखाली कुणीच नव्हतं. फक्त लेकरं होती.

ओरडावं? ओरडलं तर अख्ख्या जंगलाला कळणार, की लेकरं एकटी आहेत. पळत सुटावं? तर वाटेत कावळा. त्याने "अविश्वासू" म्हणून गळा काढला, की करवंदीच्या जाळीपर्यंत वर्दी जाणार, आई अजून वाटेतच आहे, उंबर मोकळा आहे. लाजेचं आता तिला काही नव्हतं. पण कावळ्याचं तोंड बंद राहायला हवं होतं.

हौसा सातवीसुद्धा शिकलेली नव्हती. पण आईचं डोकं अशा वेळी कुठून चालतं ते देवाला ठाऊक. तिने तोंड कुरणाकडे केलं, शेपूट उंबराकडे केली आणि उलटी पळत सुटली.

ससा उलटा पळतो का? ससा नाही पळत. आई पळते.

हौसा ओढ्यात पाठीवर पडली, उठली, पुन्हा उलटी. कावळ्याने बघितलं. चोच उघडली. पुन्हा मिटली. ही मागे वळून बघत तर नव्हती. हिचं तोंड तर कुरणाकडेच होतं. शेपटीबद्दल साहेबांनी काही सांगितलं नव्हतं. कावळा विचारात पडला आणि तोवर हौसा त्याच्यापुढून, म्हणजे मागून, निघून गेली. ठेचकाळली, सावरली, पुन्हा उलटी.

इकडे रानबोका जाळीतून बाहेर आला होता. आज एक पाय नाही, चारी पाय. शोभून दिसावं म्हणून पिंपळपान कानाला अडकवलं होतं. तिन्ही लेकरं मातीत खेळत होती. रानबोका पोटावर सरपटत निघाला. मागे बघायची त्याला गरजच नव्हती. शिबिरात तो सगळ्यात हुशार विद्यार्थी होता. कोणतीही आई मागे फिरणार नाही, याची त्याला खात्री होती.

त्याने उडी घ्यायला अंग आवळलं.

तेवढ्यात उलट्या येणाऱ्या हौसाची पाठ कशाला तरी थडकली. मऊ होतं. केसाळ होतं. ऊबदार होतं.

"ठके!" हौसाला रडूच आलं. "आलीस तू! अगं, मला किती बाई वाईटसाईट वाटलं तुझ्याबद्दल..."

"म्याँव," ठकू म्हणाली.

ठकू कधी म्याँव म्हणते का?

हौसाने मागे बघितलं नाही. डोळे गच्च मिटले आणि मागच्या दोन्ही पायांनी अशी लाथ हाणली, की रानबोका जमिनीवरून सुटला. हवेत गेला. आणि जिथे पडला तिथे गोदाक्का होती.

हो, गोदाक्का! तिलाही उतारावरून बोरीतली शेपूट दिसली होती आणि फुलं तोडणाऱ्या हौसाचे कानही दिसले होते. सायाळीला राग आला की ती उलटीच चाल करून येते, काटे पुढे आणि तोंड मागे. तिला काही वेगळी युक्ती करावी लागली नाही. रानबोका नेमका तिच्या पाठीवर बसला.

त्याची किंकाळी महाराजांच्या दरबारापर्यंत गेली म्हणतात.

आणि वरून बोरं पडायला लागली. पिकली, कच्ची, किडकी, सगळी नेम धरून. उंबराच्या फांदीला ठकू उलटी लोंबकळत होती. "मी मागे नाही बघितलं हां!" ती ओरडत होती. "बोरीवरून तुम्ही दोघी दिसलात, तशी झाडाझाडांवरून आले, खाली बघत बघत! खाली बघायचं नाही असं कुठे म्हणाले साहेब?"

रानबोका सायाळीसारखा दिसत कसाबसा एका बाजूला पडला. मग जे भांडण जुंपलं ना, बाळांनो!

"पाळी तुझी होती!"

"माझी? माझी परवा झाली!"

"परवा तू झोपली होतीस, ती पाळी नव्हे!"

"तुम्ही बोलू नका अक्का, तुम्ही कंद खात होतात!"

"खात नव्हते, खणत होते! आणि तू गं हौशे, पाठ टेकून त्या बोक्याशी काय गप्पा मारत होतीस?"

"मला वाटलं ठकू आहे!"

"मी एवढी केसाळ?"

भांडत भांडत प्रत्येकीने जे हाताला लागेल ते लेकरू पोटाशी धरलं होतं. हौसाच्या कुशीत उंडग्या होता. ठकूने दाभण्याला जपून, काट्यांच्या कलाने धरलं होतं. आणि गोदाक्काच्या पोटाशी, जिथे तिला काटे नसतात तिथे, कापश्या पेंगुळला होता. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

तेवढ्यात महाराज आले. मागून करकोचेसाहेब.

महाराजांनी काटे लागलेला रानबोका बघितला, धडधाकट लेकरं बघितली आणि प्रसन्न झाले. "शाबास! तिघी अगदी वेळेवर आलात. कशा काय?"

"विश्वास होता महाराज," गोदाक्का म्हणाली.

"ऐकलंत?" साहेबांनी मान आणखी लांब केली. "विश्वास!"

"कुणावर विश्वास?" महाराजांनी विचारलं.

"या दोघींवर," गोदाक्का म्हणाली. "दोघींपैकी एकही जागेवर नसणार, असा पक्का विश्वास होता."

पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि तिचं शेवटचं वाक्य कुणाला ऐकूच गेलं नाही. आदर्श सावडीचं बक्षीस करकोचेसाहेबांना मिळालं. त्यांची पद्धत जंगलोजंगली न्यावी, असा महाराजांचा हुकूम निघाला. साहेब आता गावोगाव शिबिरं घेतात. काटे काढून झाल्यावर रानबोकाही त्यांच्यासोबत गेला. प्रत्येक शिबिरात मागच्या रांगेत बसतो म्हणे. हल्ली जरा अंगाने भरलाय.

दुसऱ्या दिवशी पाळी ठकूची होती. या वेळी तिघींनी तीन तीनदा विचारून घेतलं होतं. कावळा रजेवर गेला होता, त्याला शेपटीचा विचार करून करून ताप आला होता.

"जा बाई निर्धास्त," ठकू हौसाला म्हणाली. "मी आहे इथे."

"तू आहेस म्हणूनच तर पाय निघत नाही," हौसा म्हणाली आणि निघाली.

त्या दिवशी गवत कोवळं होतं. कवठापाशी थांबायचं ती विसरली. पार ओढ्यापर्यंत गेली. मग एकदम आठवलं आणि धावत परत आली.

ठकू बुंध्यापाशी उभी होती. झोपलेली नव्हती. टाचा उंचावून वाटेकडे बघत होती.

"आलीस एकदाची!" ती हौसावर खेकसली. "किती उशीर! कवठापासून परत यायला एवढा वेळ लागतो का? मला मेलीला किती घोर लागला!"

"अगं, पण मी तुझ्यावर लक्ष ठेवायला येते," हौसा म्हणाली.

"मग वेळेवर येत जा की!" ठकू म्हणाली. "आणि आलीच आहेस तर त्या उंडग्याचं नाक पूस."

तात्पर्य : मिळून काम करायचं असेल तर एकमेकांवर भरपूर संशय घ्यावा, तो रोज तोंडावर सांगावा, आणि घ्यायला कधी उशीर करू नये. विश्वास ही फार थोर गोष्ट आहे. ती जिथे आपलं लेकरू नसेल तिथे ठेवावी.